चौदा पाती



आज सामान्य काळातला सतरावा रविवार. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर प्रभू येशूने हजारोंना जेवू घातले, तो प्रसंग आपण आज संत योहानच्या शुभवर्तमानातून ऐकला. लहानपणापासून आपण तो इतक्या वेळा ऐकला आहे की भाकरी वाढल्या कशा, इथेच आपले लक्ष अडकून पडते. मला आज त्याच्या शेपटाविषयी लिहायचे आहे. लोक पोटभर जेवले. आपल्याकडे मांडवातली पंगत उठली की पुढच्या पंगतीसाठी जागा झाडायची घाई होते, उरलेसुरले कुठे गेले हे कुणी विचारीत नाही. प्रभूने मात्र शिष्यांना परत कामाला लावले. पडलेले तुकडे वेचायला सांगितले, त्यातले काही फुकट जाऊ नये म्हणून. ज्याने घटकाभरापूर्वी हजारोंचे अन्न निर्माण केले त्याला उष्ट्या तुकड्यांची काय गरज होती? तरीही ते वेचले गेले आणि बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्यांचे पुढे काय झाले ते योहान सांगत नाही.

हे तुकडे गेले दोन महिने माझ्या मनात घर करून बसले आहेत. त्याला कारण झाली आपल्या चर्चच्या माळ्यावरची पायपेटी.

पन्नाशी ओलांडलेल्यांना ती चांगलीच आठवत असेल. काळपट लाकडाची, कपाटाएवढी, खाली दोन पावट्या, वर पाच सप्तकांच्या पट्ट्या आणि पट्ट्यांच्या डोक्यावर ओढायच्या खुंट्या. तरुणांनी तिच्यावर फक्त नाताळच्या सजावटीचे खोके ठेवलेले पाहिले आहेत. आपण भजनाला वापरतो ती हातपेटी हवा बाहेर ढकलते. ही मोठी पेटी उलटी आहे. पाय मारले की भाता हवा आत ओढतो, ती हवा पितळेच्या पात्यावरून जाते, पाते थरथरते आणि सूर निघतो. एका पात्याचा एकच सूर. पाते लांब आणि जड असेल तर सूर खालचा, आखूड आणि हलके असेल तर वरचा.

कीबोर्ड आला आणि ही पेटी बंद पडली. ते मी इथे येण्यापूर्वीचे. कीबोर्डविषयी माझी तक्रार नाही. आपली मुले तो मन लावून वाजवतात, आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मोठा मान देताना इतर वाद्यांनाही दार उघडे ठेवले आहे. पण मे महिन्यात पॅरिश कौन्सिलसमोर एक प्रस्ताव आला. जुने फर्निचर घेणारा एक गृहस्थ पेटीला बरे पैसे द्यायला तयार होता. ती कुठे जाणार, असे विचारले तेव्हा कळले की तिच्या पोटातले सगळे काढून एका हॉटेलात बाटल्या ठेवायचे कपाट करायचे आहे. सभेत कुणी हसले, कुणी गप्प बसले. माळ्याच्या गळक्या कौलांसाठी पैसे हवेतच, हेही खरे. शेवटी असे ठरले की विकण्यापूर्वी एकदा जाणकाराला दाखवावी.

म्हणून दादरहून पेट्या दुरुस्त करणारे एक कारागीर आले. ते हिंदू आहेत. चर्चच्या माळ्यावर पहिल्यांदाच चढत होते, त्यांनी चपला खालीच काढल्या. मागची फळी उघडून टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "फादर, भात्याचं कापड गेलंय, ते घालता येईल. चामडं, फेल्ट, सगळं मिळेल. पण हिची चौदा पाती नाहीत."

ते मला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी गायनमंडळातल्या एका मुलाने हौसेने मागची फळी उघडली तेव्हाच ते लक्षात आले होते. त्यानंतरच्या रविवारी मी काय केले ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सूचना वाचून झाल्यावर मी माईकवरून म्हणालो की देवाच्या घरातले पितळसुद्धा लोकांना पुरत नाही, पेटीचे सूर चोरून भंगारात विकणारा आपल्यातच कुणीतरी आहे. चर्चमध्ये चांगलाच हशा पिकला. मला वाटले, बरे बोललो.

आता कारागिरांनी मला जवळ बोलावले आणि रिकाम्या खाचा दाखवल्या. "बघा, एका ओळीत चौदा. एकही खाच खरवडलेली नाही. ही पाती काढायला आकड्यासारखं हत्यार लागतं आणि हात सवयीचा लागतो. चोर असता तर त्यानं पकडीनं ओढून सगळं फोडलं असतं. हे कुणीतरी साफ करायला काढलंय, फादर. परत बसवायचं राहून गेलंय."

मी विचारले, नवी चौदा पाती मिळतील का? आपल्या हातपेटीची पाती गुजरातेत पालिताण्याला होतात, हे मीही ऐकून होतो. ते म्हणाले, ती स्क्रूने आवळायची असतात आणि ही खाचेत सरकवायची. मापच जुळत नाही. "बनवून देईन, पण कशावरून बनवू? निदान एक जुनं आणून द्या. मोडकं असलं तरी चालेल. मोडकंच बरं, त्यावरून माप घेता येतं."

मोडकेच बरे! ते गेले आणि मला फिलिपिन्समधल्या एका ऑर्गनची गोष्ट आठवली. ती सविस्तर सांगतो, कारण ती आपल्यासारख्याच एका धर्मग्रामाची गोष्ट आहे.

मनिला महानगरात लास पिन्यास नावाचे शहर आहे. एके काळी तिथे मिठागरे होती, मासेमारी होती. आपल्या वसईच्या माणसाला तिथे परके वाटले नसते. १७९५ मध्ये डिएगो सेरा नावाचे स्पॅनिश धर्मगुरू तिथे पॅरिश प्रीस्ट म्हणून आले. ते ऑगस्टिनियन रेकोलेक्ट संघाचे. त्यांनी संत योसेफाच्या नावाने दगडी चर्च बांधले आणि १८१६ मध्ये ऑर्गन करायला घेतला. युरोपात ऑर्गनच्या नळ्या कथील-शिशाच्या नाहीतर लाकडाच्या करतात. फादर सेरा यांनी आजूबाजूला पाहिले. भोवताली उदंड होते ते बांबू. तेच त्यांनी घेतले.

बांबूला कीड लागते हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. फादर सेरा यांनी निवडलेले बांबू समुद्रकाठच्या वाळूत सुमारे सहा महिने पुरून ठेवले. त्यातून जे टिकले त्यांच्या नळ्या केल्या. १८२१ पर्यंत तुतारीसारख्या आवाजाच्या नळ्या सोडून बाकीचा ऑर्गन उभा राहिला होता. तुतारीच्या नळ्या मात्र त्यांनी धातूच्याच केल्या. १८२४ मध्ये काम पुरे झाले. एकूण नळ्या १,०३१, त्यातल्या ९०२ बांबूच्या आणि १२९ धातूच्या. आठ वर्षे एक धर्मगुरू आपला धर्मग्राम सांभाळून हे काम करीत होता. आम्हा धर्मगुरूंना दोन महिन्यांत कम्युनिटी हॉलचा रंग पुरा करून घेता येत नाही!

पुढचा काळ कठीण गेला. एकोणिसाव्या शतकात त्या भागाला भूकंपांचे जबर धक्के बसले, वादळे झाली. चर्चची पडझड झाली, छप्पर उडाले आणि ऑर्गन पावसात उघडा पडला. अनेक नळ्या काढून बाजूला ठेवाव्या लागल्या. कितीतरी वर्षे तो ऑर्गन धड वाजत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमहून आलेल्या मिशनरी धर्मगुरूंनी त्याची थोडीफार डागडुजी करून काही सूर परत बोलते केले. पूर्ण बरा मात्र तो झाला नाही.

इथे थोडे थांबू या. अशा वेळी बाजूला काढलेल्या जुन्या बांबूचे काय होते? चूल पेटवायला उपयोग होतो, कुंपणाला होतो. नवा कारभारी येतो, खोली साफ करतो, अडगळ जाळून टाकतो. हे करणारा माणूस दुष्ट नसतो, टापटिपीचा असतो. लास पिन्यासमध्ये काही नळ्या खराब झाल्या, पण बहुतेक राहिल्या. मुक्या पडलेल्या नळ्या पिढ्यान् पिढ्या कुणी ना कुणी सांभाळल्या. ते कोण होते, हे कुठल्या पाटीवर लिहिलेले नाही.

१९७३ मध्ये ऑर्गन सुटा करून जहाजाने जर्मनीला, बॉन शहरातल्या क्लाईस या ऑर्गन बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात पाठवण्यात आला. जर्मनीच्या कोरड्या थंडीत उष्ण प्रदेशातला बांबू तडकला असता, म्हणून कारखान्यात एका खोलीत फिलिपिन्ससारखी दमट, उबदार हवा तयार केली आणि काम तिथे झाले. मला ही गोष्ट फार आवडते. दुरुस्त करणाऱ्याने बांबूला सांगितले नाही की आता तू जर्मनीत आलास, इथल्या हवेची सवय कर. त्यानेच स्वतःची खोली बदलली.

जुनी नळी मोडकी असली, तरी तिची लांबी, पोकळी आणि तोंडाची चीर मोजून नवी करता येते. पण शेजारची नळी उचलून तिच्या जागी उभी करता येत नाही. दोघी अगदी सारख्या दिसत असल्या तरी शेजारची नळी शेजारचाच सूर काढणार. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीराच्या अवयवांविषयी जे सांगतो ते यापेक्षा वेगळे नाही. डोळ्याचे काम कानावर सोपवता येत नाही. ऑर्गनमध्ये हजार नळ्या वाजत असताना एक गप्प असली तर आपल्याला कळतही नाही, पण वाजवणाऱ्याला कळते.

(जाता जाता सांगतो, गप्प नळीपेक्षा त्रासदायक एक नळी असते. झडप अडकली की ती वाजायची थांबतच नाही, गाणे संपले तरी वाजत राहते. आपल्या सभांमध्ये बसलेल्यांना अधिक सांगायला नको. त्यात धर्मगुरूही आले.)

१९७५ मध्ये ऑर्गन घरी परतला. तोवर गावकऱ्यांच्या मदतीने चर्चचीही दुरुस्ती झाली होती. ९ मे १९७५ रोजी त्यावर पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षापासून तिथे बांबू ऑर्गनचा संगीत महोत्सव भरू लागला आणि २००३ मध्ये फिलिपिन्सने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून मान दिला. आणखी एक. फिलिपिनो तरुणांनी युरोपात जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि १९९४ मध्ये लास पिन्यासमध्येच ऑर्गनची कार्यशाळा निघाली. तिला नाव दिले आहे फादर डिएगो सेरा यांचे. आता दुरुस्तीसाठी जहाज लागत नाही.

तर, मोडकेच बरे, असे कारागीर म्हणाले होते. मी घरोघर विचारायचे ठरवले आणि पहिले नाव आपोआप पुढे आले. या पेटीवर जवळजवळ चाळीस वर्षे एकाच माणसाने साथ केली. लॅटिन भाषेतली मिस्सा गेली, मराठी मिस्सा आली, नवी गीते आली, आणि ते प्रत्येक रविवारी अर्धा तास आधी माळ्यावर चढायचे. कीबोर्ड आल्यावर ते शेवटच्या बाकावर बसू लागले. दोन वर्षांपूर्वी तेही बंद झाले. दुसऱ्या चर्चला जातात असे कुणीतरी म्हणाले, आणि मी त्याची फारशी चौकशी केली नाही. दोन वर्षांपूर्वी नेमके काय झाले होते, याचा मेळ मला माळ्यावरून उतरताना पायऱ्यांवर लागला.

त्यांच्या घरी गेलो ती संध्याकाळ पावसाची होती. काकींनी चहा ठेवला. मी पेटीचा विषय काढला तसे काका उठून आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात आपल्याच जुन्या पत्रकाच्या पानांत एक-एक गुंडाळून ठेवलेली तेरा पाती होती, पुसून लखलखीत केलेली. चौदाव्या पुडीत पाते होते, पण मुळाशी तुटलेले. चौकट एकीकडे, जीभ एकीकडे.

"पावसाळ्यात ओळच्या ओळ गप्प झाली होती, फादर. धूळ बसली असेल म्हणून साफ करायला घरी आणली. हे एक माझ्या हातून तुटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दुसरं कुठं मिळेल म्हणून शोधत राहिलो. तेवढ्यात कीबोर्ड आला, कुणी विचारलं नाही. मग द्यायला यावं तर हे एक तुटलेलं घेऊन कसा येऊ? एक लपवून तेरा द्यायची तर तेही मनाला पटेना. आज देऊ, उद्या देऊ करत राहिलो." थोडे थांबून ते म्हणाले, "आणि मग तुम्ही ते चोराचं बोललात."

मी काय बोलणार? एका तुटलेल्या पात्याच्या लाजेने तेरा चांगली पाती इतकी वर्षे डब्यात राहिली, आणि ती लाज मी माईकवरून दुप्पट केली. काका त्या दिवशी शेवटच्या बाकावर होते. तुम्ही हसलात ते त्यांनी ऐकले होते. मी त्यांची क्षमा मागितली. "जाऊ द्या, फादर," असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलला होतात." त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव घालू नका एवढेच त्यांनी सांगितले. आज सर्व मिस्सांच्या शेवटी मी हेच माईकवरूनही सांगणार आहे. माझ्याकडून पाप घडले. या धर्मग्रामात पाती चोरणारा कुणी नव्हता, आणि तसे म्हणण्यापूर्वी मी कुणाच्याही घरी गेलो नव्हतो.

आम्ही धर्मगुरू पापनिवेदनाला बसतो तेव्हा लोक मोठमोठी पापे घेऊन येतील अशी आमची कल्पना असते. पुष्कळदा माणूस एवढ्याशा तुटलेल्या गोष्टीपायी दूर राहिलेला असतो. आपण म्हणतो, अमका मिस्साला येत नाही, विश्वास थंडावला. कुणाकडे कसला डबा आहे ते आपल्याला ठाऊक नसते.

तुटलेले पाते हातात घेतल्यावर कारागिरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेरा चांगल्या पात्यांकडे त्यांनी नंतर पाहिले. तुटलेली जीभ मोजली, तिचा बाक पाहिला. म्हणाले, चौकट शाबूत आहे, हिच्यावरच नवी जीभ रिव्हेट करू. टोकाकडे घासले की सूर चढतो, मुळाकडे घासले की उतरतो, तसे करत जुन्यांशी मिळवू. काका शेजारी बसून ऐकत होते. जरा वेळाने दोघांचे काय सूत जमले कोण जाणे, मला विसरून ते नाटकातल्या ऑर्गनविषयी बोलू लागले, संगीत नाटकांच्या जमान्यात अशीच पायपेटी साथीला असायची त्याविषयी. लाकूड चिकटवायला कारागीर सरस वापरतात, जुना, गरम करून लावायचा. बाजारातला पांढरा डिंक का नको, असे मी विचारले. तो एकदा बसला की सुटत नाही, म्हणाले. सरस ऊन-ओल दिली की सुटतो. "पन्नास वर्षांनी दुसरा कुणीतरी हे उघडणार आहे, फादर. त्याला फोडायला लागू नये."

पेटी विकायची नाही, असे कौन्सिलने गेल्या मंगळवारी ठरवले आहे. कौलांचा खर्च आहेच, त्याचा हिशेब वेगळा मांडू. ८ सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्माच्या सणाला, सकाळच्या मिस्साला पेटी वाजावी असा प्रयत्न आहे. काका वाजवतील का, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही. पाय दुखतात म्हणाले. पावट्या हलक्या करता येतील, असे कारागीर त्यांना म्हणाल्याचे मी ऐकले आहे. गायनमंडळातला तो मुलगा, ज्याने फळी उघडली होती, तो दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊ लागला आहे.

अजून काही वस्तू सापडायच्या आहेत. ओढायच्या खुंट्यांपैकी दोन नाहीत. काळ्या लाकडाची मूठ आणि तोंडाला पांढरी चिनीमातीची चकती, तिच्यावर अक्षरे, अशा त्या असतात. कुणाच्या घरी टेबलाच्या खणाला बसवलेल्या असतील तर बिचकू नका, कशा आल्या ते कुणीही विचारणार नाही. एका पांढऱ्या पट्टीचा वरचा तुकडाही गेला आहे. जिना झाडताना तो कुणाला सापडला असेल, मुलांनी खेळात ठेवला असेल. तुटलेले असले तरी आणा. सॅक्रिस्टीच्या दाराशी टेबलावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला आहे. तो काकांचाच आहे.

प्रभूमध्ये आपला,
पॅरिश प्रीस्ट